मुळांना निळी किनार

मोठ्या बाईंची आपल्या मुलाबद्दल एकच तक्रार होती, पण ती एकच त्यांना दिवसभर पुरत असे. मुलगा दारू पीत नव्हता, पत्ते कुटत नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त 'नाही' एवढा शब्द त्याच्या तोंडातून निघत नसे. रस्त्यात परक्या माणसाने "जरा हे धरता का?" म्हटलं, की हा धरायचा आणि तो माणूस परत येईपर्यंत धरूनच उभा राहायचा. एकदा नाटकवाल्यांनी त्याच्याकडून पडदे फुकट धुऊन मागितले. याने धुतले तर धुतलेच, वर त्यांच्यात एक पहारेकरी कमी पडत होता म्हणून सगळं नाटकभर भाला धरून उभा राहिला. घरी भट्टीवरचं पाणी आटून गेलं.

"दोन पोरांचा बाप झाला, तरी मान नंदीबैलाची ती नंदीबैलाचीच," मोठ्या बाई म्हणायच्या. त्याला नावाने हाक मारणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. "होयबा, जाळ सार. होयबा, नीळ संपली." आणि होयबा "हो" म्हणून उठायचा.

घराला लागूनच त्यांची लाँड्री होती. धुवायचं यंत्र आत होतं, पण वाळवायला यंत्र ठेवायला मोठ्या बाई तयार नव्हत्या. मागचं अंगण चांगलं ऐसपैस, दिवसभर ऊन खाणारं. त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर चौकातल्या हॉटेलच्या चादरी. पांढऱ्याशुभ्र, कडेला निळी किनार, कोपऱ्यात हॉटेलची खूण म्हणून भरलेली छोटीशी चावी. बाईंची शाळा लहानपणीच सुटली होती, पण पांढऱ्यात किती पांढरे असतात ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. या लाँड्रीतून आजवर कुणाचा रुमालसुद्धा हरवला नव्हता, आणि हे त्या भेटेल त्याला ऐकवत.

हॉटेलचा मॅनेजर बारीक आवाजाचा, कडक कॉलरचा माणूस. अलीकडे त्याला गावाबाहेरच्या नव्या लाँड्रीचं कौतुक वाटू लागलं होतं.

"त्यांना ऊन लागतच नाही, मोठ्या बाई. बटण दाबलं की वाळलं."

"मग जा की तिकडे. पण जाण्याआधी एवढं सांगा, आमच्याकडून तुमचं एक तरी फडकं गहाळ झालंय?"

मॅनेजरने नुसती कॉलर सारखी केली होती. तेवढं एक कारण त्याला मिळत नव्हतं. हॉटेलच्या चादरी गेल्या तर लाँड्रीत धुवायला शेजाऱ्यांचे सदरे तेवढे उरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशात एका संध्याकाळी होयबा सभेहून घरी आला तो चेहरा उजळवूनच. तो चेहरा बघून बाईंनी हातातली घडी खाली ठेवली.

"काय कबूल करून आलास?"

"विशेष काही नाही."

"म्हणजे मोठंच दिसतंय. बोल."

सभा हरित समितीची होती. रस्ता रुंद करायचा म्हणून कोपऱ्यावरचं जुनं झाड तोडायचं ठरलं होतं. समिती म्हणाली, तोडायचं नाही, मुळासकट उचलायचं आणि दुसरीकडे लावायचं. तापणारी पृथ्वी, वितळणारा बर्फ, चढणारा समुद्र यांवर अध्यक्षांनी असं भाषण ठोकलं, की ऐकणाऱ्यांना बसल्या जागी घाम फुटला. शेवटी त्यांनी विचारलं, "जागा कोण देतं?" त्याबरोबर प्रत्येकाला आपल्या बुटाची नाडी सुटल्याचं आठवलं आणि सगळे खाली वाकले. एकटा होयबा चपला घालून गेला होता.

"आपल्या अंगणात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकच तर झाड आहे, आई."

"एक झाड, पण त्याची सावली काय एक फडकंभर पडते होय रे?"

"सावलीच तर हवी आहे सगळ्यांना. पृथ्वी तापत चाललीय."

"तापू दे की! माझं धुणं लवकर वाळतं."

सून आतून इस्त्री खाली ठेवून बाहेर आली. ती कमी बोलायची, पण नेमकं बोलायची. "आई, झाड केवढं आहे ते विचारा ना यांना."

"केवढं आहे?"

होयबाने हात डोक्याएवढा वर केला. मग आणखी वर केला. मग हात पुरेना म्हणून छपराकडे बघितलं.

"उद्या जाऊन नाही म्हणून सांग."

"आता कसं सांगू? टाळ्या वाजवल्या त्यांनी."

आता खरं म्हणजे मोठ्या बाई स्वतः जाऊन सांगू शकल्या असत्या. 'नाही' म्हणायला त्यांना कधी जड गेलं नव्हतं. पण घरातून एकदा गेलेला शब्द परत मागायला जायचं म्हणजे धुतलेलं कापड पुन्हा चिखलात घालायचं, असं त्यांचं मत. त्यांनी अट घातली. झाड कडेच्या भिंतीपाशी, पार कोपऱ्यात. दोरीला धक्का लागता कामा नये. होयबा अर्थातच हो म्हणाला.

झाड यायचा दिवस आणि हॉटेलला चादरी द्यायचा दिवस नेमका एक निघाला. त्यात योगायोग काही नव्हता. झाड लावताना बघायला समितीचे बाहेरगावचे पाहुणे येणार होते, आणि ते रात्री त्याच हॉटेलात उतरणार होते. "दिवेलागणीच्या आत सगळ्या चादरी हव्यात," मॅनेजरने बजावलं होतं. "एक जरी कमी पडली, तर मला दुसरा विचार करावा लागेल." हे म्हणताना तो जरा आशेने हसला होता.

बाईंनी पहाटेपासून यंत्र लावलं. ऊन चढलं तेव्हा सगळ्या चादरी धुऊन, खळबळून, पिळून टोपल्यांत रचलेल्या होत्या. आता दोरीवर टाकायच्या, तेवढ्यात दाराशी भोंगा वाजला. क्रेन आली होती, आणि क्रेनला टांगलेलं झाड गल्लीतल्या लोकांच्या खिडक्यांतून आत डोकावत येत होतं.

"मावशी, फाटक काढावं लागेल," क्रेनवाला वरून ओरडला.

"मावशी असेल तुझ्या घरी. फाटक का म्हणून काढायचं?"

"झाड मावत नाही."

"मग झाड काढ."

तोवर होयबा फाटकाच्या बिजागऱ्या ढिल्या करू लागला होता.

फाटक निघालं, तरी क्रेनचा हात कोपऱ्यापर्यंत पोचेना. मध्ये छपराची कड येत होती. झाडांचा डॉक्टर म्हणून समितीने एक गंभीर माणूस पाठवला होता, डोक्यावर टोपी, खिशात झाडाच्या फांद्या कापायची कात्री. त्याने अंगणाच्या मधोमध टाच रोवली.

"इथे खड्डा घ्यावा लागेल. चालेल ना?"

"हो हो," होयबा म्हणाला.

"या दोऱ्या सोडाव्या लागतील."

"हो, सोडतो."

मोठ्या बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अरे, कोपऱ्यात ठरलं होतं ना!"

"आई, कोपऱ्यात क्रेन जात नाही."

"क्रेनला जाता येत नाही, याला नाही म्हणता येत नाही. मी एकटीच काय ती धडधाकट राहिले!"

दोऱ्या उतरल्या. चादरी टोपल्यांत तशाच ओल्या राहिल्या. दोन मजूर खणायला लागले आणि कंबरभर खोल गेले असतील नसतील, तोच कुदळ कशावर तरी ठणकन आपटली आणि खड्ड्यातून पाण्याचं कारंजं उडालं. लाँड्रीचा नळ अंगणाच्या मधोमधच गाडलेला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. होयबालाही माहीत होतं, पण त्याला तसं कुणी विचारलं नव्हतं.

सून धावत रस्त्यावरच्या मुख्य नळाची चावी बंद करायला गेली आणि तिथूनच नळवाल्याला शोधायला पुढे गेली. कारंजं बसलं. पण आता घरात पाण्याचा थेंब नव्हता. खड्ड्यातलं होतं तेवढं मजुरांनी झाड बसावं म्हणून बादल्यांनी उपसून गल्लीत फेकलं आणि त्यावरून समोरच्या घरातली बाई भांडायला आली, ती वेगळीच.

त्याच वेळी क्रेनवाल्याने झाड आत घेताना फाटकाचा खांब पाडला. आवाज ऐकून मोठ्या बाई तिकडे धावल्या. खांब त्यांच्या सासऱ्यांनी बांधला होता. त्यांचं आणि सासऱ्यांचं हयातीत कधी पटलं नव्हतं, पण परक्याने त्यांचा खांब पाडावा हे त्यांना मुळीच खपलं नाही.

"खांबाला डोळे नव्हते, तुला तरी होते ना?"

"मावशी, खांब आधीच हलत होता."

"दातही हलतो म्हातारपणी, म्हणून येणाऱ्या जाणाऱ्याने तो पाडायचा का?"

हे भांडण रंगात आलं असताना मागे अंगणात झाडाच्या डॉक्टरला एक गोष्ट दिसली. मुळांभोवती गुंडाळलेली गोणपाटं खांबाला घासून फाटली होती. माती भसाभस गळत होती आणि आतली मुळं उघडी पडून उन्हात लोंबत होती.

"ओलं कापड आणा!" तो ओरडला. "भरपूर आणा! मुळं सुकली तर झाड गेलंच म्हणून समजा."

होयबाने घरात धाव घेतली. कोरडी कापडं होती, पण नळ कोरडा. बादली कोरडी. तो बाहेर आला. सबंध घरात भरपूर आणि ओलं असं एकच कापड होतं आणि ते पायरीवर टोपल्यांत रचून ठेवलं होतं. होयबा क्षणभर थांबला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

"ते चालेल की!" डॉक्टर टोपल्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "देता का? लवकर. झाड मरतंय."

"हो," होयबा म्हणाला.

मोठ्या बाई क्रेनवाल्याला पुरेसं ऐकवून परतल्या, तेव्हा झाड खड्ड्यात उभं होतं आणि मजूर भराभर माती लोटत होते. बाईंनी झाडाकडे खालून वर बघितलं, मग वरून खाली बघितलं, आणि त्यांची नजर बुंध्याशी थांबली.

"ते पांढरं काय दिसतंय?"

"मुळं," होयबा म्हणाला.

"मुळांना निळी किनार असते?"

होयबाने पायाने थोडी माती पुढे लोटली. बाईंनी पायरीकडे बघितलं. टोपल्या एकात एक घालून नीट ठेवलेल्या होत्या. पोरगं टापटिपीचं होतं.

"काढ ते. सगळं बाहेर काढ."

"आता हात लावायचा नाही!" डॉक्टर मध्ये पडला. "काढलं तर मुळं तुटतील. राहू द्या आत. सुती आहे ना? आपोआप कुजून जाईल."

"कुजेल?" मोठ्या बाईंचा आवाज चढला. "मी धुतलेलं कापड इतक्या सहज कुजत नसतं!"

पण त्या मटकन पायरीवर बसल्या. अंगणात दोऱ्या नव्हत्या, नळात पाणी नव्हतं, फाटक नव्हतं, आणि ज्या तोंडाने त्यांनी मॅनेजरला रुमालाची गोष्ट ऐकवली होती, त्या तोंडाने आता काय सांगायचं ते सुचत नव्हतं. "आई, चुकलंच जरा," होयबा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं बघणं बंद झालं, की घरातल्या माणसांना ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटे.

सून नळवाल्याला घेऊन आली आणि तिच्या मागोमागच, पडलेल्या खांबावरून उड्या मारत, पाहुणे आले. पुढे अध्यक्ष, मागे बाहेरगावची मंडळी, आणि सगळ्यांत मागे, पाहुण्यांची सरबराई करत, हॉटेलचा मॅनेजर. तो हळूच बाईंजवळ सरकला.

"चादरी तयार?"

"हो," होयबा म्हणाला.

"तू गप्प बस," मोठ्या बाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. उगीच कुणाला घाबरायचं कशाला, म्हणून त्या आयुष्यभर खरं बोलत आल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच ते महाग पडणार होतं. "ऐका मॅनेजरसाहेब. तुमच्या चादरी..."

"अरे वा!" तिकडून अध्यक्षांचा आवाज आला. ते बुंध्याशी वाकले होते. माती अजून पुरती ओढून झाली नव्हती आणि एका चादरीचा कोपरा बाहेर आला होता. कोपऱ्यात निळी किनार होती, आणि चावी. "मॅनेजरसाहेब, ही तर तुमच्या हॉटेलची खूण!"

मॅनेजर पुढे झाला. त्याने चावी बघितली. मग आणखी एक किनार दिसली, मग आणखी एक. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, आणि रागाच्या मागून आनंद येऊ लागला. इतके दिवस शोधत होता ते कारण त्याच्या पायाखाली पुरलेलं होतं. त्याने तोंड उघडलं.

पण अध्यक्षांचं तोंड आधीच उघडं होतं.

"मंडळी, बघा! आपण भाषणं करतो. आणि या माणसाने आपल्या हॉटेलच्या चादरी झाडाच्या मुळाशी अंथरल्या! आणि कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. मॅनेजरचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

"त्यात... सांगण्यासारखं काय," तो म्हणाला.

"हाच तो विनय! आता या रस्त्यावरची बाकीची झाडंही हलवायची आहेत. त्यांनाही तुमचा असाच हातभार लागेल ना?"

मॅनेजरने पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे टाळ्यांसाठी हात वर करून तयार होते.

"हो," मॅनेजर म्हणाला. "हो हो."

मोठ्या बाईंनी झटकन मान वळवली. हा सूर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो आपल्याच घरात राहतो असं त्या समजत होत्या.

टाळ्या ओसरल्यावर मॅनेजर त्यांच्यापाशी येऊन दात आवळून कुजबुजला, "आणि आज रात्री यांना झोपवू कशावर?"

बाईंनी रिकाम्या टोपल्यांकडे बघितलं. सून मात्र एव्हाना घरातून पलंगाखालची मोठी पेटी ओढत घेऊन आली होती. आत घरच्या चादरी होत्या, इस्त्री केलेल्या, घडीला घडी लागलेल्या. कुठे फुलं, कुठे चौकडी, आणि मुलांच्या पलंगावरची पिवळ्या बदकांची.

"हॉटेलात बदकं?" मॅनेजरचा आवाज होता त्याहून बारीक झाला.

"घ्या की मुकाट्याने," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या जिवात जीव आला होता. "आमच्या घरची बदकं तुमच्या चादरींपेक्षा स्वच्छ आहेत. उद्या पाहुणे गेले की धुवायला आमच्याकडेच पाठवा, म्हणजे हरवायची नाहीत."

मॅनेजरने पेटी उचलली. नाइलाज होता. झाडाला चादरी देणाऱ्या माणसाने पाहुण्यांना बिनचादरीचं ठेवणं शोभलं नसतं.

अध्यक्ष अजून बुंध्याशीच होते. त्यांनी चादरीच्या कोपऱ्यावरची माती अंगठ्याने पुसली. खालून लख्ख पांढरं निघालं. त्यांनी तो कोपरा उन्हात धरला, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितलं.

"चिखलातसुद्धा काय पांढरं आहे हो हे! कुणाच्या हातचं?"

"आईच्या," होयबा म्हणाला.

अध्यक्ष बाईंसमोर आले आणि वाकून म्हणाले, "मोठ्या बाई, असं धुणं मी आजवर पाहिलं नाही. असा पांढरा रंग दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

बाईंची मान आधीच ताठ होती, ती आणखी ताठ झाली. "त्याला ऊन लागतं," त्या म्हणाल्या. "आणि नीळ नेमकी पडावी लागते. जास्त झाली की कापड आजारी दिसतं."

"अगदी खरं. जाता जाता एक विचारू का? शाळेच्या कुंपणातलं एक लहानसं झाड आहे. त्याला कुठे जागाच मिळेना. तुमच्या त्या भिंतीपाशी..."

होयबाने श्वास रोखला. सुनेने हातातली टोपली खाली ठेवली. क्रेनवाला शहाणा होता, तो आधीच गाडीत जाऊन बसला.

"लावा," मोठ्या बाई म्हणाल्या.

हा आवाज कुणाचा, ते बघायला होयबा मागे वळला. मागे कुणीच नव्हतं. अध्यक्ष हात जोडून निघून गेले, पाहुणे खांब ओलांडून गेले, मॅनेजर बदकं घेऊन गेला. नळवाला खड्ड्याशेजारी पाना फिरवत बसला होता. अंगणाच्या मधोमध झाड उभं होतं, आणि जिथे सकाळी चादरी झुलायच्या तिथे त्याची सावली पडली होती.

"आई," होयबा शेवटी म्हणाला, "तू हो म्हणालीस?"

मोठ्या बाईंनी उतरवलेल्या दोऱ्यांचं भेंडोळं उचललं, सकाळपासून पहिल्यांदा मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाल्या, "म्हणाले. आणि तोंड मिट, माशी जाईल. मी हो म्हटलं, ते त्या माणसाने माझं काम ओळखलं म्हणून. तू आयुष्यभर हो म्हणत आलास, ते कुणीतरी तुला ओळखावं म्हणून."